चोरपकड्या आणि पासपोर्टचा चेहरा

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे पासपोर्ट म्हणत. कारण साधं होतं. कुठेही, कधीही, कसलाही फोटो काढा, त्याचा चेहरा पासपोर्टवरचाच यायचा. डोळे ताठ, ओठ घट्ट, मान सरळ, आणि एकूण भाव असा की समोर कॅमेरा नसून पोलीस उभा आहे. शाळेच्या वर्गाच्या फोटोत तोच चेहरा, कंपनीच्या ओळखपत्रावर तोच, लेकीला पहिल्यांदा कडेवर घेतलं तेव्हाही तोच. लग्नाचा फोटो कुणाला दाखवायचा तर त्याची बायको आधीच सांगून टाकायची, "यांना कुणी धरून आणलं नव्हतं हं. स्वतःच्या पायांनी आले होते."

याचं मूळ लहानपणात होतं. फोटोच्या दुकानदाराने दम भरला होता, "अजिबात हलायचं नाही. श्वाससुद्धा घ्यायचा नाही." पोराने श्वास रोखला. फोटो निघाला, दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि 'झालं' हे सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून कॅमेरा दिसला की हा माणूस श्वास रोखतो तो रोखतोच. एरवी मात्र गप्पिष्ट. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरला की लिफ्टशीसुद्धा गप्पा. "काय गं बाई, दार का कुरकुरतंय तुझं? थांब, ग्रीस लावतो, मग बघ कशी पळशील." बायकोने एकदा हे ऐकलं आणि म्हणाली, इतक्या गोड आवाजात मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

असा हा माणूस, आणि त्याच्या नशिबी आला चोरपकड्या.

झालं असं, की कंपनीतला एक मेकॅनिक घरी पाय पसरून बसायचा आणि लिफ्ट तपासल्याचं कळवून टाकायचा. वॉचमनच्या सह्याही स्वतःच ठोकायचा. मग एके दिवशी त्याच्या 'तपासलेल्या' लिफ्टमध्ये एक वादक आपल्या भल्यामोठ्या ड्रमसकट अडकला. सुटकेसाठी तो बिचारा ड्रम बडवत राहिला आणि रहिवाशांना वाटलं सराव चाललाय. एका आजोबांनी तर दाराबाहेरून टाळ्यासुद्धा वाजवल्या. प्रकरण पेपरात आलं, कंपनीची शोभा झाली, आणि मालकांनी एक ऑडिटबाई नेमली.

ऑडिटबाई वयाने लहान, आवाजाने मऊ, आणि संशयाने पक्की. तिने येताना एक संगणकप्रणाली आणली. नियम असा, की लिफ्ट तपासून झाली की मेकॅनिकने त्याच लिफ्टमध्ये उभं राहून, गणवेशात, फोनवर स्वतःचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. लिफ्ट म्हणजे लोखंडी पेटी, आत जागा सांगणारा सिग्नल पोचत नाही. म्हणून ही प्रणाली आलेला फोटो त्या माणसाच्या आधीच्या सगळ्या फोटोंशी ताडून बघायची. कुणी घरबसल्या जुनाच फोटो पुन्हा चिकटवला तर लाल खूण. तीन वेळा लाल, की ताकीद. त्यावर आणखी एक लाल, की सुनावणी. मेकॅनिक मंडळींनी या प्रणालीचं नाव लगेच चोरपकड्या ठेवलं.

कल्पना चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. ड्रमवाल्यालाही पटली असती. फक्त प्रणाली बनवणाऱ्याने आयुष्यात कधी पासपोर्टला पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पहिला फोटो हिरवा झाला. दुसऱ्या इमारतीत त्याने दार पुसलं, दोर तपासले, बटणं एकेक दाबून पाहिली, आणि श्वास रोखून फोटो काढला. फोन थरथरला. 'हा फोटो जुना आहे. नवीन फोटो पाठवा.'

"अहो, आत्ता काढला!" तो फोनला म्हणाला.

त्याने पुन्हा काढला. 'हा फोटो जुना आहे.' मान तिरकी केली. निदान त्याला तरी तसं वाटलं. फोटोत मान सरळच. एक डोळा मिटायचा प्रयत्न केला, तर दोन्ही उघडेच. शेवटी वॉचमन आत डोकावला आणि म्हणाला, लिफ्ट दुरुस्त झाली असेल तर मी वर जाऊ का, मघापासून चार लोक जिन्याने गेलेत.

कंपनीत एकाच माणसाचे फोटो कायम हिरवे होते. त्याचं नाव हिरो. हिरो कधी दोन बोटं उंचावून उभा, कधी पान्हा तलवारीसारखा धरून, कधी दाढी ठेवून, कधी काढून. प्रत्येक फोटो म्हणजे सिनेमाचं पोस्टर. ऑडिटबाईने तर त्याचे फोटो बैठकीत नमुना म्हणून दाखवले. तो पासपोर्टच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अरे, जरा मोकळा हो. लिफ्टचं काय घेऊन बसलास? जो वेळ ग्रीस लावण्यात घालवतोस ना, तो चेहऱ्यावर घालव."

पासपोर्टला हा सल्ला खरा वाटला. भोळा माणूस तो.

घरी शिकवणी सुरू झाली. त्याच्या बायकोचं कपडे दुरुस्तीचं काम होतं. पुढच्या खोलीतच मशीन, दोऱ्यांची रिळं आणि दांडीवर चिठ्ठ्या लावलेले लोकांचे कपडे. त्या कपड्यांसमोर त्याला उभं करून लेक फोन रोखायची. "बाबा, हसा."

"हसतोय की."

"कुठे? आई, हे हसतायत का?"

बायकोने तोंडातली टाचणी काढून नीट पाहिलं. "दात दुखत असतील."

लेकीने विनोद सांगितले, गुदगुल्या केल्या, एकदा पाठीमागून भोंगा वाजवला. भोंग्याने तो दचकून उडाला, पण उडता उडता कॅमेरा दिसला असावा, कारण फोटोत हवेत तरंगणारा पासपोर्ट आला. तोच चेहरा. लेकीने हात टेकले.

मग बायकोच्या डोक्यात आलं की चेहरा बदलत नाही तर कपडे बदलू. दांडीवरचा एक कोट तिने त्याला घातला. झकास करड्या रंगाचा, हॉटेलच्या मॅनेजरचा, आतलं अस्तर शिवायला आलेला. "दिवसभर घाला आणि संध्याकाळी आणून द्या. कुणाला कळणार आहे?"

कळलं. चोरपकड्याने कळवलं, 'गणवेश आढळला नाही.' आणि त्याच वेळी लिफ्टचं दार उघडून समोर हॉटेलचा मॅनेजर आला, जो नेमका त्याच इमारतीत राहायचा. त्याने कोट पाहिला, खिशावरचं आपलं नाव पाहिलं, मग पासपोर्टचा चेहरा पाहिला.

"अस्तर कसं बसलंय बघत होतो," पासपोर्ट म्हणाला.

"बसलंय ना?"

"काखेत थोडं आवळतं."

"मलाही," मॅनेजर म्हणाला, आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. लाल खुणांची मर्यादा ओलांडली आहे, फोटो बनावट असल्याचा संशय आहे, यापुढे आणखी एक लाल खूण आली तर सुनावणी आणि सुनावणीत समाधान झालं नाही तर नोकरी समाप्त. पासपोर्टने पत्र वाचलं आणि जेवणाच्या ताटावरून उठला. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण त्याला लागला होता तो 'बनावट' हा शब्द. आयुष्यभर तो एकाही लिफ्टला न तपासता सोडून आला नव्हता. पाय मुरगळला तेव्हा लंगडत गेला होता. आणि आता त्या ड्रमवाल्याला अडकवणाऱ्याच्या रांगेत त्याला उभं केलं होतं.

"मी चोर दिसतो का गं?" त्याने विचारलं.

बायकोने मशीन थांबवलं. नवऱ्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता तिने. "चोर नाही दिसत," ती म्हणाली. "चोर जरा तरी हसरे असतात. उद्या मी येते तुमच्याबरोबर."

"कुठे?"

"लिफ्टमध्ये. तुमचं थोबाड तेच राहू दे. शेजारी मी उभी राहीन. रोज वेगळी टोपी, वेगळा रुमाल. मग म्हणू दे त्या मेल्याला, फोटो जुना आहे."

आणि काय सांगावं, चालली की युक्ती! पासपोर्ट ताठ, शेजारी बायको पिवळ्या टोपीत. हिरवी खूण. पासपोर्ट ताठ, शेजारी बायको छत्री उघडून. हिरवी खूण. लिफ्टमध्ये छत्री का उघडली हे चोरपकड्याने विचारलं नाही. पासपोर्ट कामाला लागला की ती बाहेरच्या पायरीवर बसून हातशिलाई करायची. काम संपलं की दोघं फोटो काढायची आणि एक फेरी वरच्या मजल्यापर्यंत मारायची, लिफ्ट कशी पळते ते बघायला. गच्चीवरून शहर दिसायचं. बायकोने आपलं शहर वरून कधी पाहिलंच नव्हतं.

"ते आपलं घर का हो?"

"ते टाकीचं छप्पर. आपलं घर त्याच्या मागे, दिसत नाही."

"मग टाकीच आपली म्हणू," ती म्हणाली आणि खुशीत डब्याचं झाकण उघडलं.

पासपोर्ट रोज रात्री निवांत झोपू लागला. पण चोरपकड्याला आणखी एक विद्या येत होती. संगनमत शोधण्याची. तीच अनोळखी व्यक्ती वेगवेगळ्या ठिकाणी वारंवार दिसली, की समजायचं टोळी आहे. महिनाअखेरीस त्याने ऑडिटबाईच्या टेबलावर अहवाल टाकला, 'सर्व इमारतींत एक संशयित महिला आढळली. वेष बदलून वावरते.'

सुनावणी लागली. पासपोर्ट इस्त्रीच्या गणवेशात गेला, आणि संशयित महिला पिवळी टोपी घालून. हातात पिशवी, पिशवीत फ्रेमसकट लग्नाचा फोटो.

"काका," ऑडिटबाई मऊ आवाजात म्हणाली, "या कोण?"

"बायको."

"कंपनीच्या कामावर बायको कशाला?"

बायकोने पुढे होऊन पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोट आणि भोंगाही सोडला नाही. ऑडिटबाई ऐकत होती, पण तिची भुवई खाली यायला तयार नव्हती. "काकू, असं म्हणणारे पुष्कळ येतात. फोटो पुन्हा वापरणारा प्रत्येकजण म्हणतो, माझा चेहराच तसा आहे."

"यांचा खरंच तसा आहे!" बायकोने पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर आपटली. "हे बघा. हा आमच्या लग्नाचा. घाला तुमच्या त्या यंत्रात. घाला!"

ऑडिटबाईने खांदे उडवले, फ्रेमचा फोटो काढला आणि प्रणालीत टाकला. पडद्यावर चक्र फिरलं. खोलीत सगळे श्वास रोखून उभे राहिले, पासपोर्ट सवयीने.

'हा फोटो जुना आहे. पुरुषाचा चेहरा गेल्या मंगळवारी पाठवलेल्या फोटोशी तंतोतंत जुळतो.'

खाली आणखी एक ओळ उमटली. 'सोबतची महिला वेगळी आहे.'

"वेगळी?" बायको उसळली. "म्हणजे हे बदलले नाहीत तो यांचा गुन्हा, आणि मी बदलले तर माझा?"

ऑडिटबाईने ओठ दाबून धरले. मग नाकातून एक आवाज निघाला, आणि मग ती खुर्चीत मागे रेलून अशी हसली की बाजूच्या खोलीतला हिशेबनीस पाणी घेऊन धावत आला. डोळे पुसत पुसत तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि एकदम थांबली. लग्नाच्या फोटोत मागे फुलांचा पडदा होता, कडेला कुणाचा तरी काका जांभई देत होता. लिफ्टचं तिथे नावही नव्हतं. आणि तरी चोरपकड्या म्हणत होता, तंतोतंत तोच.

"म्हणजे हा मागे बघतच नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

खरंच बघत नव्हता. सगळ्या लिफ्ट आतून सारख्याच, म्हणून प्रणाली विकणाऱ्याने मागचा भाग बघायचं बंदच करून ठेवलं होतं; चेहरा आणि गणवेश एवढ्यावर काम. ऑडिटबाई हसरी निघाली तरी तिच्या कामात पक्की होती. तिने खटाखट बटणं दाबली, फोटोतली माणसं झाकली आणि फक्त मागच्या भिंती ताडून बघायला सांगितल्या. ओरखडे, चिकटवलेल्या सूचना, उडालेला रंग, सगळं.

पासपोर्टचे सगळे फोटो वेगवेगळे निघाले. प्रत्येक भिंत निराळी, प्रत्येक इमारत खरी.

मग तिने तीच चाळणी इतरांना लावली. सगळे सुटले, एक सोडून. दोन बोटं, पान्हा, दाढी, बिनदाढी, आणि प्रत्येक फोटोत हिरोच्या डोक्यामागे एकच सूचना, 'लिफ्टमध्ये कुत्र्याने लघवी केल्यास मालक जबाबदार.' ती त्याच्या बहिणीच्या इमारतीतली लिफ्ट होती. पठ्ठ्या सुट्टी घेऊन तिथे जायचा, दिवसभर खोटी दाढी लावत आणि काढत महिन्याभराचे फोटो काढायचा, आणि मग महिनाभर झोपायचा. बैठकीत नमुना म्हणून दाखवलेले फोटो! लोकांच्या जिवाशी खेळणारा हा बेशरम माणूस वर पासपोर्टला मोकळं व्हायला शिकवत होता. त्याची नोकरी गेली, आणि त्याच्या वाटच्या सगळ्या लिफ्ट दुसऱ्या दिवसापासून नव्याने तपासायला घेतल्या गेल्या. बहुतेक पासपोर्टच्याच गळ्यात पडल्या.

ऑडिटबाईने त्याला लेखी कळवलं की आरोप मागे घेतला आहे. 'बनावट' शब्द खोडून त्यावर शिक्का मारला. चोरपकड्याही सुधारला. आता तो भिंती ताडून बघायचा, आणि चेहरा फक्त माणूस तोच आहे ना एवढ्यापुरता. बायकोचं नावही तिने नोंदवून ठेवलं, 'तंत्रज्ञाची पत्नी, निर्दोष'. पण कामावर तिने यायचं नाही हे ओघाने आलंच.

"बरं झालं बाई," बायको घरी आल्यावर म्हणाली. "कामं तुंबली होती माझी." तिने पिवळी टोपी खुंटीला अडकवली आणि मशीनवर बसली.

पासपोर्ट पुन्हा एकटा जाऊ लागला. फोटो हिरवे, नाव स्वच्छ, आणि तरी काहीतरी बिनसलं होतं. वरच्या मजल्यावर गेला की टाकी दिसायची आणि ती दाखवायला शेजारी कुणी नसायचं. लिफ्टशी बोलणंसुद्धा कमी झालं. आठवडाभर त्याने कळ काढली. मग सुट्टीच्या दिवशी सकाळीच बायकोच्या पुढ्यात उभा राहून, घसा खाकरून तो म्हणाला, "टोपी घाल."

"कशाला? आज कुठे काम आहे?"

"काम नाही. नुसतं जाऊ."

शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीचा वॉचमन ओळखीचा होता. दोघं लिफ्टमध्ये शिरली. आत मोठा आरसा. बायको म्हणाली, एक फोटो काढा, कामाचा नको, आपला. त्याने फोन काढला, आणि त्याच्या फोनवर फोटो काढायचा म्हणजे त्याला चोरपकड्याचं बटण तेवढं ठाऊक. हात लांब केला. श्वास रोखला. डोळे ताठ, ओठ घट्ट, मान सरळ.

मग त्याची नजर फोनच्या पडद्यावर शेजारी गेली. पिवळ्या टोपीखाली बायकोनेही श्वास रोखला होता. डोळे ताठ, ओठ घट्ट, मान सरळ. हुबेहूब. लिफ्टमध्ये दोन पासपोर्ट उभे होते, आणि त्यातला टोपीवाला अधिक गंभीर होता.

लहानपणी रोखलेला तो श्वास एकदम सुटला. तो हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, लिफ्टच्या दांडीला टेकून हसला, आणि हसता हसता बोट बटणावर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ऑडिटबाई होती, आणि तिचा मऊ आवाज आज जरा जास्तच चाचरत होता.

"काका, कसं सांगू तुम्हाला... काल सुट्टीच्या दिवशी काकू एका लिफ्टमध्ये दिसल्यात. प्रणालीने लाल खूण दिलीय. सोबत एक अनोळखी पुरुष आहे म्हणे. खूप हसतोय."

पासपोर्टने फोनवर हात ठेवला आणि बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती दोरा ओवत होती. सुईवरची नजर न हलवता म्हणाली, "त्यांना सांगा, मला आवडला तो. पुढच्या सुट्टीलाही बोलावलंय."